कुंडीत ज्वारी जगते, रानात कमी पिकते, मग पीएचडी सोडू का?

पत्र थोडक्यात (नाव, गाव, संस्था गाळली आहे): लिहिणारी मुलगी २९ वर्षांची, सोलापूर जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकरी घरातली. पुण्यात पीएचडी करते, रजिस्ट्रेशन २०२३ चं, चौथं वर्ष चालू आहे. विषय रब्बी ज्वारीतलं ॲब्सिसिक ॲसिड या हार्मोनचं सिग्नलिंग आणि दुष्काळ सोसण्याची ताकद. तिच्याकडे मालदांडीपासून (रब्बी ज्वारीची जुनी जात) केमिकल म्युटेशनने काढलेली एक लाइन (वेगळा वाण) आहे जी या हार्मोनला जास्त संवेदनशील आहे. ग्रोथ चेंबरमध्ये पाणी तोडलं की साधी मालदांडी मरते, ही लाइन जगते. शेतात मात्र दोन रब्बी गेल्या. पहिल्या वर्षी अवकाळी पाऊस झाला आणि ताणच पडला नाही, दुसऱ्या वर्षी ताण पडला तर हिचं उत्पादन मालदांडीपेक्षा कमी आलं. गाइड म्हणतात शेताचा डेटा राहू दे, कुंड्यांचा पेपर पाठवून मोकळी हो. फेलोशिपचं थोडंच राहिलंय आणि तीही वेळेवर येत नाही. एका बायोस्टिम्युलंट (पिकाची वाढ आणि ताण सोसण्याची ताकद वाढवतो म्हणून विकला जाणारा माल) कंपनीची नोकरी समोर आहे. वडील विचारतात, "तुझं ते हार्मोन आपल्या रानातल्या ज्वारीला कधी कळायचं?" तिचे प्रश्न तीन: पीएचडी सोडू का, शेताचा डेटा दाबू का, वडिलांना काय सांगू.

---

मी मधल्या प्रश्नापासून, म्हणजे शेताच्या डेटापासून सुरुवात करते, कारण बाकीचे दोन त्याच्यावरच टेकलेत. तू लिहिलंयस की माझी लाइन लॅबमध्ये दुष्काळ सहन करते आणि शेतात करत नाही, म्हणजे सगळी वर्षं पाण्यात गेली. यातला पहिला भाग तू मोजलायस. दुसरा तू घाबरून काढलेला निष्कर्ष आहे आणि मला तो अजिबात पटलेला नाही. मी स्वतः प्लांट फिजिऑलॉजीत बरीच वर्षं घालवली आहेत त्यामुळे जरा खोलात जाऊन बोलते, कंटाळू नकोस, आणि तुझ्यासारखेच बाकीचे वाचणारे असतील त्यांच्यासाठी दोन गोष्टी मुळापासून सांगते.

माती सुकायला लागली की झाडात ॲब्सिसिक ॲसिड, म्हणजे आपलं एबीए, वाढतं. ते पेशीतल्या पीवायआर-पीवायएल रिसेप्टरमध्ये (हार्मोन ओळखणाऱ्या प्रथिनात) जाऊन बसतं. (हे रिसेप्टर २००९ साली सापडले, हार्मोन १९६० च्या दशकातलं, म्हणजे मधे चाळीसेक वर्षं लोक नुसते शोधत होते, हे चौथ्या वर्षाला रडू येतं तेव्हा लक्षात ठेवावं.) एबीए बसलं की तो रिसेप्टर पीपी२सी नावाच्या फॉस्फटेज प्रथिनांना धरून ठेवतो, एरवी हे फॉस्फटेज एसएनआरके२ या कायनेज प्रथिनांना गप्प बसवतात, ते कायनेज आता मोकळे सुटतात आणि पर्णरंध्राच्या (पानावरच्या बारीक छिद्राच्या) रक्षक पेशींमधले आयन चॅनल चालू करतात, आयन बाहेर पडतात, मागोमाग पाणी बाहेर पडतं, पेशी ढिल्या होतात आणि रंध्र मिटतं. पाणी उडून जायचं थांबलं. पण कार्बन डायऑक्साइड पण त्याच रंध्रातून आत येतो ना! म्हणजे पाणी वाचवायचं तर अन्न कमी बनणार, ज्वारी सी-४ पीक (कमी कार्बन डायऑक्साइडमध्येही अन्न बनवू शकणारं) असल्यामुळे तिला ही झळ जरा उशिरा लागते पण लागतेच. तुझी लाइन एबीएला लवकर ऐकते, म्हणजे ती रंध्र लवकर मिटते, म्हणजे ती पाणी वाचवते आणि त्याची किंमत मोजते. इथपर्यंत तुझ्या कुंड्या आणि तुझं शेत दोघंही एकच गोष्ट सांगताहेत.

आता कुंडीत तू काय मोजलंस ते बघ. सगळ्या रोपांना सारखी थोडी माती, सारखं पाणी, मग पाणी बंद, काही दिवसांनी पुन्हा पाणी आणि किती रोपं हिरवी झाली त्याची टक्केवारी. अशा प्रयोगात सहसा जो कमी पितो तोच जिंकतो. पण सोलापूरच्या रानात रब्बी ज्वारी सहसा मरत नाही गं. पावसाळा संपत आला की काळ्या रानात पेरायची, पुढचं सगळं त्या साठलेल्या ओलीवर. ओल तुटली तर कणीस नीट निसवत नाही, दाणा बारीक राहतो, खडखड्या लागून ताटं आडवी होतात. शेतकरी जिवंत रोपं मोजत नाही, तो पोती मोजतो आणि कडब्याच्या पेंढ्या मोजतो. तू चेंबरमध्ये एक परीक्षा घेतलीस आणि रानात वेगळ्याच विषयाची घेतलीस. दोन्हीचे मार्क जुळले नाहीत यात लाइनचा काय दोष?

यावर मला भाताचं एक उदाहरण फार आवडतं आणि तू ते तुझ्या थिसिसच्या पहिल्या प्रकरणात घालावंस असं मला मनापासून वाटतं. ओडिशाची एफआर१३ए नावाची भाताची जात पुरात पूर्ण बुडाली तरी दोन आठवडे तग धरते. त्यामागची गुणसूत्रावरची जागा १९९६ ला कळली, जीन २००६ ला, त्याचं नाव सब१ए. पाण्याखाली झाडात इथिलीन (हेही एक हार्मोन, वायुरूप) साठतं आणि हा जीन झाडाला सांगतो की वाढू नकोस, साखर जपून ठेव, पाणी ओसरायची वाट बघ. तो जीन स्वर्णा या लोकप्रिय जातीत घालून २००९ साली स्वर्णा-सब१ भारतात आली. आता गंमत बघ, त्याच २००९ मध्ये जपानी संशोधकांनी खोल पाण्यातल्या भातातले स्नॉर्केल नावाचे दोन जीन दाखवले. तेही इथिलीनलाच प्रतिसाद देणारे, त्याच कुटुंबातले, पण त्यांचं सांगणं बरोब्बर उलटं: वाढ, भराभर वाढ, पाण्याच्या वर डोकं काढ. दिवसाला वीसेक सेंटिमीटर वाढतं ते झाड. मग पूर सहन करणारा भात कोणता, थांबणारा की पळणारा? पूर आठ-दहा दिवसांचा असेल तर थांबणारा वाचतो, कारण पळणारा दमून पाणी ओसरल्यावर कोलमडतो. पाणी महिनोन् महिने माणसाच्या डोक्यावर राहणार असेल तर थांबणारा तळाशी कुजतो. कोणता पूर, ते आधी सांगितल्याशिवाय उत्तरच देता येत नाही.

तुझ्या ज्वारीचं अगदी तेच आहे. कोणता दुष्काळ? पोटरीत असताना ओल तुटते तो, की हुरड्यानंतर तुटते तो? हलक्या मुरमाड रानातला, की खोल काळ्या रानातला? रोपावस्थेत पंधरा दिवस कोरडे गेले तर तुझी लाइन कदाचित खरंच सोनं आहे. पण खोल रानात, जिथे खाली मीटर-दीड मीटरवर ओल आहे, तिथे लवकर मिटणारी लाइन ती ओल न वापरताच पिकून जाऊ शकते. ऑस्ट्रेलियात गव्हावर मोजलं होतं, फुलोऱ्यानंतर खालच्या थरातून जास्तीचं काढलेलं पाणी मिलिमीटरमागे हेक्टरी ५९ किलो धान्य देऊन गेलं. शेवटच्या त्या थोड्या ओलीला इतकी किंमत असते. म्हणजे पाणी किती वाचवलं यापेक्षा ते कधी खर्च केलं याला महत्त्व आहे.

आणि हे तुला शोधता येण्यासारखं आहे, फार पैसेही लागत नाहीत. काढणीच्या वेळी तुझ्या लाइनखालची माती मालदांडीखालच्या मातीपेक्षा ओली असेल तर उत्तर एक, लाइनने पाणी वाचवलं पण दाण्यात घातलंच नाही. दोन्हीकडे माती सारखीच कोरडी असेल तर उत्तर वेगळं, मग पाणी गेलं पण दाणे कमी का झाले ते शोधावं लागेल, पानं लहान झाली का, कणसात फुलं कमी लागली का, की निसवायलाच उशीर झाला. या दोन पूर्ण वेगळ्या कथा आहेत आणि तुझा आत्ताचा डेटा यातली कोणती खरी ते सांगत नाही, कारण तू फक्त शेवटचं वजन घेतलंयस. दुपारी साध्या इन्फ्रारेड थर्मामीटरने पानांचं तापमान घेतलंस तरी कळेल, रंध्र मिटलेलं पीक गरम असतं. आणि प्लॉट किती ओळींचे होते? तीन-चार ओळींचे असतील तर शेजारच्या मालदांडीच्या मुळ्या तुझ्या लाइनने वाचवलेलं पाणी पिऊन गेल्या असतील, सामाईक विहिरीवर आपण मोटर लवकर बंद केली म्हणून ते पाणी आपल्याच वाट्याला येतं असं थोडंच असतं. मोठे प्लॉट, कडेच्या ओळी सोडून मधल्या ओळींचं वजन, एवढं केलंस तरी चित्र बदलू शकतं.

अजून एक, तू ज्या पहिल्या हंगामाला वाया गेलेला म्हणतेस तो मला सगळ्यात कामाचा वाटतो. अवकाळी झाला, ताण पडला नाही, म्हणजे फुकटात तुझा कंट्रोल तयार झाला की! त्या वर्षी ओल भरपूर असतानाही तुझी लाइन मालदांडीच्या मागे होती का? हे तू पत्रात लिहिलेलंच नाहीस, बहुतेक तो डेटा उघडलाच नाहीयेस. ओलीच्या वर्षीही मागे असेल तर ती घट दुष्काळाची नाही, लाइनची स्वतःची आहे. आणि मग मला लगेच विचारावंसं वाटतं की तू बॅकक्रॉस (मूळ मालदांडीशी पुन्हा पुन्हा संकर) किती केलेत. केमिकल म्युटेशनने नुसता एकच जीन बदलत नाही, त्याच्यासोबत आणखी ढीगभर बदल होतात, उत्पादन त्यातल्या भलत्याच बदलामुळे कमी झालं असेल आणि बिचाऱ्या एबीएच्या नावावर खपलं असेल. तुझ्याकडे मॅपिंगसाठी (बदललेला जीन कुठे आहे ते शोधायला) केलेली एफ२, म्हणजे संकराची दुसरी पिढी, असणारच. त्यातली म्युटेशन असलेली आणि नसलेली भावंडं शेजारी शेजारी लावून बघ, थिसिसपुरतं एवढं पुरे. नवे बॅकक्रॉस आता सुरू करू नकोस, एका पिढीला एक हंगाम जातो आणि तुझ्याकडे तेवढे हंगाम नाहीत.

आणि ताण पडलेला हंगाम तुझ्याकडे एकच आहे, एकाच ठिकाणचा. एका हंगामावर लाइन नापास होत नाही, जशी एका कुंडीवर पासही होत नाही.

आता गाइड. तू जरा रागाने लिहिलंयस त्यांच्याबद्दल, ते समजू शकते, पण त्यांची बाजूही बघू. जर्नलला सुटसुटीत गोष्ट लागते, त्यांचा प्रोजेक्ट रिन्यू व्हायचा असेल, आणि त्यांना खरंच वाटत असेल की पोरगी अडकून पडायला नको. कुंड्यांचा पेपर वेगळा पाठवणं ही फसवणूक नाही. रोपावस्थेत माती सुकताना रंध्र कसं वागतं, कोणते जीन चालू होतात, हे तू नीट केलंयस आणि ते छापण्यालायक आहे. फसवणूक कुठे सुरू होते तर शीर्षकात 'दुष्काळ-सहनशील ज्वारी' लिहिलं आणि शेवटच्या परिच्छेदात 'यामुळे कोरडवाहू भागात उत्पादन वाढण्यास मदत होईल' असं ठोकलं तिथे, कारण तुझ्याकडे त्याच्या उलट डेटा आहे आणि तो तुला माहीत आहे. तेव्हा पेपर पाठव पण दावा कुंडीपुरता ठेव. थिसिसमध्ये मात्र शेताचं प्रकरण गेलंच पाहिजे, यावर मी हटणार नाही. बाहेरचा परीक्षक व्हायवाला पहिला प्रश्न हाच विचारतो की शेतात काय झालं, आणि त्याला द्यायला तुझ्याकडे खरं उत्तर आहे, बऱ्याच जणांकडे तेही नसतं.

हे गाइडना सांगताना वाद घालायला जाऊ नकोस. एक फिगर काढून ने, डावीकडे कुंडीतलं जगण्याचं प्रमाण, उजवीकडे दोन हंगामांचं धान्य आणि कडबा, आणि विचार की सर, या दोन्ही बाजू एकत्र समजावणारी गोष्ट आपण लिहिली तर? मला वाटतं ती गोष्ट नुसत्या कुंडीच्या गोष्टीपेक्षा भारी आहे आणि चांगल्या गाइडला ते दिसतं. नाहीच दिसलं तर रिसर्च ॲडव्हायजरी कमिटी आहे, यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे दर सेमिस्टरला तुला त्यांच्यासमोर उभं राहायचंच आहे, तिथे शेताचा डेटा स्लाइडवर टाक आणि चर्चा मिनिट्समध्ये येईल असं बघ. एकदा लेखी आलं की 'राहू दे' म्हणणं सोपं राहत नाही. शिवाय त्याच २०२२ च्या नियमांत थिसिस जमा करायला पेपर छापून आलेलाच पाहिजे ही यूजीसीची अट काढलेली आहे. तुझ्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असू शकते म्हणून तुमचं ऑर्डिनन्स स्वतः वाच, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नकोस, अर्धी लॅब जुन्या नियमांवर घाबरत असते.

वडिलांचा प्रश्न मला टोमणा वाटला नाही. तो आख्ख्या क्षेत्राला विचारण्यासारखा प्रश्न आहे आणि त्याचं खरं उत्तर आहे की इतक्यात नाही. तेच सांग त्यांना. पण हेही सांग की हार्मोन मराठी शेतकऱ्याला नवीन नाहीत. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाचे घड जीएमध्ये बुडवतात ते जिब्रेलिन हे वाढीचं हार्मोनच, कोकणात हापूसला कल्टार (वाढ रोखणारं औषध) घालतात ते झाडातलं जिब्रेलिन अडवायलाच. द्राक्ष-आंब्याला पैसे मिळतात म्हणून तिथे हार्मोन बाटलीतून येऊ शकतं. कोरडवाहू ज्वारीला फवारणीचा खर्च झेपतच नाही, तिथे हे ज्ञान यायचं तर बियाण्यातूनच यायला हवं आणि बियाण्याची वाट लांबची आहे. भाताच्या कणसात दाण्यांची संख्या ठरवणारा, सायटोकायनिन या हार्मोनशी जोडलेला जीन २००५ ला सापडला, तोच जीन सांबा मसुरीत एडिट करून केलेली कमला ही जात आपल्याकडे मे २०२५ मध्ये जाहीर झाली. मधे वीस वर्षं. त्याच दिवशी पुसा डीएसटी राइस १ पण जाहीर झाली, तिच्यात एडिट केलेला जीन रंध्रांशी आणि दुष्काळ-क्षाराच्या ताणाशी जोडलेला आहे, म्हणजे तुझ्या अगदी शेजारचा विषय. वाट लांब आहे पण बंद नाही.

आणि नेहमी लॅबमधूनच शेताकडे जातं असंही नाही बरं का. नोरिन १० या जपानी बुटक्या गव्हापासून आलेले बुटके गहू १९६० च्या दशकात आपल्याकडे पसरले, ते बुटके का आहेत, तर जिब्रेलिनला दाद न देणाऱ्या एका प्रथिनामुळे, हे १९९९ ला कळलं. मालदांडी तर १९३० च्या दशकात मोहोळला निवडली, तुझ्या घरापासून फार लांब नसणार, तेव्हा एबीएचं नावही कुणाला माहीत नव्हतं. आजही तुझी लाइन जिच्यासमोर हरते ती हीच, हे मला तर अभिमानाचं वाटतं. मालदांडी नेमकी कधी रंध्र मिटते आणि कधी मिटत नाही हेच तुझ्या थिसिसचं सगळ्यात चांगलं प्रकरण होऊ शकतं.

म्हणून वडिलांना उत्तर देण्यापेक्षा त्यांना विचार. ओल कधी तुटते, पोटरीत की हुरड्यात? भेगा कधी पडतात? कोळपणी कधी करता आणि कशासाठी? 'एक कोळपणी, अर्धं पाणी' असं म्हणतात ते वरची माती भुसभुशीत करून भेगा बुजवण्यासाठी, म्हणजे ते पीकही पाणी वाचवतंय आणि शेतकरीही वाचवतोय, तुझ्या प्रयोगाच्या प्लॉटमध्ये कोळपणी झाली होती का? नसेल तर तुझा दुष्काळ त्यांच्या दुष्काळापेक्षा वेगळा होता. कोणत्या वर्षी कुठल्या आठवड्यात ओल तुटली, हे ते गेल्या पाच-सात वर्षांचं सांगू शकतील, ते लिहून घे, जवळच्या पाऊस-केंद्राच्या आकड्यांशी ताडून बघ. आणि कडबा मोज. धान्य थोडं कमी पण कडबा जास्त आणि हिरवट राहणारा असेल तर दुभती जनावरं असलेल्या घरात तो व्यवहार वेगळा ठरतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण त्या भागातला माणूस भाकरीइतकंच कडब्यावरही बोलतो हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

राहिली नोकरी. बायोस्टिम्युलंट कंपनीत जाणं म्हणजे विज्ञानाशी बेइमानी, असा सूर तुझ्या पत्रात आहे, तो सोडून दे. या मालावर बरीच वर्षं कुणाचा अंकुश नव्हता, फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याला खत नियंत्रण आदेशात आणलं. म्हणजे आता चाचण्यांचा डेटा वाचता येणारी माणसं तिथे हवीच आहेत आणि 'पाण्याच्या ताणात उत्पादन वाढतं' हे बाटलीवर छापायच्या आधी कोणता ताण असं विचारणारी कुणी असेल तर शेतकऱ्याचंच भलं आहे. मुलाखतीत विचार: तुमच्या प्रॉडक्टची नोंदणी झालीय का, ट्रायल किती ठिकाणी किती हंगाम झाल्या, आणि ट्रायलमध्ये फरक आला नाही तर तो रिपोर्ट लिहायची मला मुभा आहे का. तिसऱ्या प्रश्नाला ते घुटमळले तर तुला तुझं उत्तर मिळालं.

पण आत्ता लगेच जावं का? तू किती वर्षं घातलीस त्यावरून ठरवू नकोस, ती वर्षं कुठल्याही निर्णयात परत येणार नाहीत. किती उरलंय त्यावरून ठरव. माझ्या हिशोबाने तुझं उरलंय एक रब्बी आणि त्यानंतर चार-पाच महिने लिखाण. नियमाप्रमाणे सहा वर्षांपर्यंत मुदत आहे, बाईमाणसाला त्यापुढे दोन वर्षांची जादा सवलत आहे, तेव्हा मुदतीची भीती काढून टाक. खरी अडचण पैशाची आहे. घरी पैसे पाठवावे लागत असतील, कर्ज असेल, तर नोकरी घे आणि पार्ट टाइममध्ये रूपांतर होतं का ते विद्यापीठात विचार, २०२२ च्या नियमांत पार्ट टाइम पीएचडीला जागा आहे, कंपनीचं एनओसी लागतं. ते ऑफर लेटरच्या आधी बोलून घे, नंतर कुणी देत नाही. एक वर्ष कसंबसं निघण्यासारखं असेल तर कंपनीला मार्चनंतरची तारीख माग, हंगाम पूर्ण कर. आणि तुला हा विषयच नकोसा झाला असेल, रोज सकाळी लॅबमध्ये जायला पोटात गोळा येत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेव आणि खुशाल सोड, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. मला मात्र पत्र वाचून तसं वाटलं नाही. विषय नकोसा झालेला माणूस रंध्रांवर दोन पानं लिहीत नाही.

शेतात तिसरा हंगाम जमणार नसेल तर पाइपचा मार्ग आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत पीव्हीसीच्या उंच पाइपमध्ये माती भरून एकेक झाड वाढवतात, पाइपचं वजन करत करत झाड कोणत्या आठवड्यात किती पाणी प्यायलं ते मोजतात. तुझ्या लॅबच्या मागे दीड-दोन मीटरचे पाइप, तुमच्याच रानातली काळी माती आणि एक टांगायचा वजनकाटा एवढ्यावर छोटं रूप जमू शकतं. फुलोऱ्याआधी किती पाणी, नंतर किती पाणी, एवढंच हवंय आपल्याला. ज्वारीतल्या स्टे-ग्रीनचं (ताणातही पानं हिरवी राहण्याच्या गुणाचं) कोडं असंच पाण्याच्या वेळेवरून उलगडत गेलं, फुलोऱ्यापर्यंत पानांचा पसारा लहान ठेवून पाणी मागे राखायचं आणि दाणे भरताना वापरायचं, आणि त्यामागे आता ऑक्सिन हे हार्मोन वाहून नेणाऱ्या प्रथिनांच्या जीनकडे बोट दाखवलं जातंय. तुझं एबीए त्या गोष्टीत कुठे बसतं हा प्रश्न मोकळा पडलाय, घे.

शेत जमणार असेल तर मात्र तयारी आत्ताच, आणि हे हरभरा, गहू, करडईवर काम करणाऱ्या सगळ्यांसाठीच सांगते. मातीचे नमुने तीनदा घ्यायचे: पेरणीच्या दिवशी, फुलोऱ्यात आणि काढणीला. प्रत्येक प्लॉटमध्ये गिरमिटाने ३०, ६०, ९० आणि १२० सेंटिमीटरपर्यंत, प्रत्येक थर वेगळ्या डब्यात. डबा तिथेच घट्ट बंद करायचा आणि त्याच दिवशी वजन करायचं, दुसऱ्या दिवसावर टाकलं की आकडा बिघडतो. मग ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला २४ तास, पुन्हा वजन. जानेवारीत काळं रान दगडासारखं होतं, एकटीने गिरमिट खाली जाणार नाही, दोन माणसं सोबत घे आणि सकाळी लवकर सुरू करा. तुमच्या विभागात गिरमिट नसेल तर जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या मृदाशास्त्र विभागात गाइडच्या सहीचं पत्र घेऊन जा, पण पेरणीच्या आधी जा, हंगामात ते मिळत नाही.